पद्मिनीत जिप्सीचं १.३ एमपीएफआय इंजिन: काय जुळतं, काय अडतं?

जुनी_फियाट

नमस्कार मंडळी. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. बॉडी सरळ आहे, फ्लोअर एकदा पॅच केलेला आहे. मूळ १०८९ सीसीचं इंजिन तेल पितंय आणि ब्लॉक आधीच ओव्हरसाइझ झालाय. ते इंजिन जपून बाजूला ठेवायचं आणि गाडीत जास्त ताकदीचं, इंजेक्शनचं (एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा पेट्रोल इंजेक्टर) इंजिन बसवायचं असं ठरलंय.

डोक्यात तीन पर्याय आहेत: (१) जिप्सी किंगचं १.३, (२) काँटेसाचं १.८ इसुझू, (३) हल्लीच्या हॅचबॅकमधलं १.० किंवा १.२ टर्बो. तिसरा ऐकायला भारी वाटतो. चौथं कुणी सुचवणार असेल तर तेही चालेल.

नेमकं विचारायचं ते असं: गिअरबॉक्स कोणता, मागचा अॅक्सल टिकेल का, प्रॉपेलर शाफ्टचं (गिअरबॉक्सची ताकद मागच्या अॅक्सलकडे नेणारा दांडा) काय करायचं, आणि एमपीएफआयचं वायरिंग काढून टाकून कार्ब्युरेटरवर चालवता येईल का? 'करू नका, ओरिजिनल ठेवा' हा सल्ला घरून मिळालेला आहे, पुन्हा नको.

लेथवाला

तिसरा पर्याय आधी बाद करू, म्हणजे बाकीचं बोलता येईल.

हल्लीचं टर्बो इंजिन आडवं बसतं आणि त्याचा गिअरबॉक्स पुढची चाकं फिरवतो. पद्मिनीत इंजिन उभं आणि ड्राइव्ह मागे. म्हणजे त्या इंजिनाला मागच्या ड्राइव्हचा गिअरबॉक्स शोधायचा, मधली अॅडॉप्टर प्लेट बनवायची, फ्लायव्हीलची जाडी जुळवायची, स्टार्टरची जागा बदलायची. एवढं करून इंजिन बसलं तरी ते सुरू होईलच असं नाही. त्याचा ईसीयू (इंजिनाचा संगणक) इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या चावीच्या यंत्रणेशी), बॉडी कंट्रोल मॉड्यूलशी, इलेक्ट्रॉनिक पेडलशी आणि एबीएसकडून येणाऱ्या चाकांच्या वेगाशी बोलत असतो. समोरून उत्तर आलं नाही की तो इंजिन सुरू होऊ देत नाही, नाहीतर लिम्प मोडमध्ये, म्हणजे अगदी कमी ताकदीवर, अडकवून ठेवतो. स्टँडअलोन (स्वतंत्र चालणारा) ईसीयू घालून हे सगळं सोडवता येतं, पण मग ट्यूनिंग आणि डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) खर्च इंजिनाच्या वर जातो.

काँटेसाचं इसुझू दणकट आहे, सरळ बसतं, पाच गिअरचा गिअरबॉक्सही सोबत येतो. अडचण वजनाची. लोखंडी ब्लॉक, लांबी जास्त. पद्मिनीचा पुढचा भाग बसतो, स्टीअरिंग जड होतं आणि मूळ कॉइल स्प्रिंग पुरत नाहीत.

जिप्सी किंगचं जी१३बीबी हेच योग्य. १२९८ सीसी, ७४ बाय ७५.५ मिमी, १६ व्हॉल्व्ह, ८० बीएचपी, टॉर्क १०३ न्यूटन-मीटर. पद्मिनीचं मूळ इंजिन चाळीसेक बीएचपीचं, म्हणजे ताकद दुप्पट. वर ब्लॉक आणि हेड दोन्ही अॅल्युमिनियमचे, त्यामुळे पुढचं वजन वाढायच्या ऐवजी कमी होतं. एस्टीम आणि पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये हेच कुटुंब होतं, सुटे भाग कुठेही मिळतात. स्विफ्टचं इंजिन स्वस्तात मिळालं तर तेही चालेल, पण त्याला सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं), तेलाचा पिकअप पाइप, फ्लायव्हील आणि माउंटचे ब्रॅकेट जिप्सीचेच लावावे लागतील.

आता गिअरबॉक्स. जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सपासून वेगळी असते, मध्ये एक छोटा शाफ्ट असतो. त्यामुळे ट्रान्सफर केस न घेता नुसता पाच गिअरचा गिअरबॉक्स वापरता येतो. तो मधला छोटा शाफ्ट मात्र विसरू नका. त्याचा गिअरबॉक्सकडचा योक (टोकाचा सांधा धरणारा तुकडा) तुमच्या नव्या प्रॉपेलर शाफ्टला लागणार आहे. वेगळा शोधायला गेलात तर भंगारवाला त्याचे वेगळे पैसे घेईल.

'ट्रान्सफर केस पण ठेवू, टू व्हील हायमध्ये चालवू' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. हायमध्येसुद्धा तिच्यात १.४०९ चं रिडक्शन असतं. हिशोब मांडून दाखवतो.

गिअर: पहिला ३.६५२, दुसरा १.९४७, तिसरा १.४२३, चौथा १.०००, पाचवा ०.७९५.

तुमच्या डिफरन्शिअलचा रेशो स्वतः मोजा. डिफरन्शिअल उघडून क्राउन आणि पिनियनचे दात मोजायचे. १० आणि ४३ निघाले तर ४.३. मग टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकला आणि जमिनीवरचं अंतर टेपनं मोजा. १६५/७० आर१४ टायरला ते १.८४ मीटरच्या आसपास येतं. हे दोन आकडे धरले तर:

पाचव्यात एकूण रेशो ३.४२. ३००० आरपीएमला ताशी ९७ किमी. ट्रान्सफर केस ठेवली तर तोच रेशो ४.८२ होतो आणि ३००० ला फक्त ६९ किमी. इंजिन ओरडत राहणार, गाडी जागच्या जागी.

पहिल्यात ट्रान्सफर केसशिवाय ६००० ला ४२ किमी. हे अगदी बरोबर बसतं, डिफरन्शिअल बदलायची गरज नाही.

इंजिन घेताना कॉम्प्रेशन टेस्ट समोर करून घ्या. थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग बाहेर, बॅटरी चार्ज. दर चौरस सेंमीला १४ किलोच्या आसपास हवं, १२ च्या खाली नको, आणि सिलिंडरांमधला फरक एक किलोपेक्षा जास्त नको. इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग नवीन घाला. गाडीत बसल्यावर मागचं सील बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स पुन्हा खाली.

कागद_काका

घरचा सल्ला नको म्हणालात, पण कायद्याचा ऐकून घ्या.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२ए आलं. त्याच्या चौथ्या पोटकलमाखाली परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही.

त्याच जातीचं, त्याच क्षमतेचं इंजिन बदलणं ही वेगळी गोष्ट. ते आरटीओच्या मंजुरीनं नोंदवता येतं. जिप्सीचं इंजिन पद्मिनीत त्यात बसत नाही: उत्पादक वेगळा, सीसी वेगळी, इंजिन नंबराची मालिका वेगळी. नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी नेलीत की इन्स्पेक्टर पहिल्यांदा चासी आणि इंजिन नंबरच बघतो.

कायद्यानं उघडा असलेला रस्ता इंधन बदलण्याचा आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा इलेक्ट्रिक किट, ज्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची त्या गाडीसाठी मंजुरी आहे.

आणखी एक. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ साली विंटेज नोंदणीचे नियम आले, 'व्हीए' अक्षरांच्या नंबरप्लेटचे. त्यात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी बसत नाही. तुमची गाडी २०३६ मध्ये पन्नाशी गाठेल. तोवर तिच्या मोनोकॉकला (वेगळी चासी नसलेल्या बॉडीला) गॅस कटर लागलेला असेल तर मूळ इंजिन जपून ठेवल्याचा काही उपयोग नाही.

विम्याचंही तेच. न कळवलेला बदल सापडला की स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि आणलेल्या इंजिनाचं बिल, ज्या गाडीतून ते निघालं तिचा नंबर, हे लेखी हवं. लष्कराच्या बाद जिप्सी एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या लिलावात निघतात, त्यांचा कागद साफ असतो. कुर्ल्याच्या बाजारातून घेतलं तर पावतीवर इंजिन नंबर लिहून घ्या.

जुनी_फियाट

काका, हे सांगायचं राहिलं: गाडी रस्त्यावर येणार नाही. आरटीओला नॉन-यूज (गाडी वापरात नाही असं) कळवून, ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर न्यायची, तिथेच चालवायची. म्हणून तर ताकद हवी.

लेथवाले, ट्रान्सफर केसचा हिशोब पटला. सम्प आणि माउंटचं सांगा. आणि कार्ब्युरेटरचा प्रश्न राहिलाच.

वायरिंग_ताई

कार्ब्युरेटरचा विचार सोडा. जुन्या आठ व्हॉल्व्ह जिप्सीचा मॅनिफोल्ड १६ व्हॉल्व्हच्या हेडवर बसत नाही, म्हणजे मॅनिफोल्ड बनवण्यापासून सुरुवात. शिवाय इग्निशनचं टायमिंगही ईसीयूच सांभाळतो. ईसीयू काढला की तेही वेगळं उभं करावं लागतं. ८० बीएचपीसाठी पैसे मोजून ६० वर चालवायला कशाला आणायचं?

या इंजिनाचं वायरिंग लोक समजतात तेवढं भयंकर नाही. हवेचं मोजमाप मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) आहे, थ्रॉटल केबलवर आहे. अट एकच: हार्नेस (वायरींचा पूर्ण जुडगा) अख्खा घ्या, कापलेला घेऊ नका. ईसीयू, मेन रिले, पंप रिले, सगळे सेन्सर, फ्यूज बॉक्सपर्यंतची वायर, सगळं एकाच गाडीतलं. इमोबिलायझर असलेल्या वर्षाचं असेल तर चावी, चावीभोवतीची रिंग आणि त्याचा युनिट सोबत हवा. ईसीयूचा पार्ट नंबर इंजिनाच्या वर्षाशी जुळतो का बघा. वेगळ्या वर्षाचा ईसीयू कनेक्टरमध्ये बसतो, पण पिना वेगळ्या असू शकतात.

ईसीयूला लागणाऱ्या वायरी मोजक्या: बॅटरीवरून कायमचा १२ व्होल्ट, इग्निशनचा १२ व्होल्ट, स्टार्टरचा सिग्नल, चेक इंजिन दिवा, डायग्नोस्टिक कनेक्टर, आणि अर्थिंग. इग्निशनचा सप्लाय पद्मिनीच्या जुन्या स्विचमधून थेट घेऊ नका. त्या स्विचचे कॉन्टॅक्ट जळलेले असतात आणि स्टार्टर मारताना तिथला व्होल्टेज इतका पडतो की ईसीयू रीसेट होतो. लक्षण असं: इंजिन स्टार्टरवर नुसतं फिरतं आणि चावी सोडल्याबरोबर एकदा फट करून बंद. स्विचनं फक्त रिले ओढायचा, करंट रिलेतून जाईल.

अर्थिंगच्या तीन जाड पट्ट्या: बॅटरी ते बॉडी, बॅटरी ते इंजिन ब्लॉक, हेड ते फायरवॉल. सेन्सरचं अर्थ मूळ हार्नेसमध्ये जिथे आहे तिथेच इंजिनावर जाऊ द्या, बॉडीला लावू नका.

जिप्सीत स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसवरून निघते. ती केस तुम्ही घेत नाही, म्हणजे स्पीडोमीटर बंद आणि ईसीयूला वेगाचा सिग्नलही नाही. इंजिन चालेल, पण बिघाडाचा कोड पडेल आणि थ्रॉटल सोडून थांबताना आयडल खाली-वर होईल. प्रॉप शाफ्टच्या फ्लँजवर चार बोल्टांची डोकी असतात, त्यांच्यासमोर हॉल सेन्सर लावायचा. डोक्यापासून अंतर दीड मिमीच्या आसपास. एका फेऱ्याला किती पल्स हव्यात ते ईसीयूवर अवलंबून आहे, स्कॅनरवर वेग बघून जुळवा.

आता पेट्रोल, आणि इथे घाई नको. पद्मिनीचा मूळ पंप इंजिनावरचा, कमी दाबाचा. इंजेक्शनला अडीच ते तीन बारचा दाब लागतो. मूळ रबरी होज आणि जुबली क्लिप या दाबाला फाटतात. टाकीपासून पुढेपर्यंत नवी ८ मिमी स्टील किंवा क्युनिफर (तांबं-निकेल) लाइन, जोडांना ३०आर९ दर्जाचा इंजेक्शन होज, क्लॅम्पही इंजेक्शनचेच, होज न कापणारे गोल कडेचे. हल्लीच्या ई२० पेट्रोलमुळे जुनं रबर फुगतं, तेव्हा टाकीपासूनचा एकही जुना तुकडा ठेवू नका.

टाकीच्या आत अडथळे नाहीत. अर्ध्या टाकीवर वळण घेतलं की पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरच्या चेंबरमध्ये पेट्रोल शिल्लक असायचं म्हणून ते जाणवत नव्हतं, इंजेक्शन मात्र क्षणात तुटतं, आणि ट्रॅकवर ते नेमकं वळणाच्या मध्यावर. म्हणून दीड-दोन लिटरचा सर्ज टँक: कमी दाबाचा पंप टाकीतून त्यात भरतो, मुख्य पंप त्यातून ओढतो, रेलची रिटर्न त्यात येते आणि त्याचा ओव्हरफ्लो टाकीत. हा टँक डिकीत ठेवला तर प्रवाशांच्या भागापासून पत्र्यानं बंद करा. पंपाच्या सप्लायमध्ये इनर्शिया स्विच (धडक बसली की पंप बंद करणारा) लावा. टाकी आधी धुवून आतला गंज काढा, नाहीतर चाळीस वर्षांचा भुगा पहिल्याच दिवशी फिल्टर बंद करेल.

लेथवाला

सम्प आणि माउंट.

पहिली गोष्ट: पूर्ण इंजिन घेऊन फिटिंग करू नका. रिकामा ब्लॉक, हेड, सम्प, बेल हाउसिंग आणि गिअरबॉक्सचं कवच एवढंच बोल्ट करा. दोन माणसं उचलतात. मूळ इंजिन काढायच्या आधी क्रँक पुलीचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या आउटपुटचा मध्य हे फायरवॉल आणि दोन्ही रेलपासून किती अंतरावर आहेत ते लिहून ठेवा, डिजिटल लेव्हलनं इंजिनाचा तिरपेपणाही. बरेच जण इंजिन काढून मोकळे होतात आणि मग अंदाजानं बसवतात.

जिप्सीच्या सम्पची उथळ बाजू पुढे असते कारण खाली पुढचा अॅक्सल असतो. पद्मिनीत तिथे क्रॉसमेंबर आहे, त्यामुळे ही रचना सोयीची. तरी सम्प आणि क्रॉसमेंबरमध्ये १५ मिमी जागा सोडा, रबर माउंट दबतात. जागा कमी पडली तर सम्प कापून वेल्ड करता येतो, पण पिकअपच्या जाळीपासून सम्पच्या तळापर्यंतचं मूळ अंतर तेवढंच ठेवा. क्रॉसमेंबर कापू नका. त्यावर पुढचं सस्पेन्शन उभं आहे.

तपासायच्या जागा: हेडच्या मागच्या टोकाचं सेन्सरचं घर फायरवॉलला लागतं का, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि स्टीअरिंग बॉक्समध्ये किमान २५ मिमी आणि मध्ये हीट शील्ड, पुली आणि रेडिएटर, बॉनेट. जिप्सीचा वॉटर पंपावरचा पंखा काढून टाका, रेडिएटरला मागून १२ इंची इलेक्ट्रिक पंखा लावा, ३० अँपिअरचा रिले आणि फ्यूज वेगळा. पंखा रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या टायनं बांधू नका, ट्यूब घासून गळतात.

माउंटसाठी जिप्सीचेच रबर, ५ मिमी प्लेटचे ब्रॅकेट. मोनोकॉकच्या रेलचा पत्रा पातळ असतो, त्यावर थेट ५ मिमीची प्लेट वेल्ड केली तर वेल्डच्या कडेनं रेल फाटते. आधी ३ मिमीची डबलर प्लेट, कोपरे गोल केलेली, रेलच्या दोन बाजूंना गुंडाळून. ती वेल्ड करायची आणि ब्रॅकेट तिच्यावर. गंजलेल्या रेलवर वेल्ड धरत नाही, आधी तो भाग कापून नवा बसवा. तुमचा फ्लोअर पॅच केलेला आहे म्हणता, तर तो पॅच खालून ठोकून बघा. वरून पत्रा चढवून खाली गंज तसाच ठेवलेला असण्याची शक्यता दाट.

टनेल रुंद करावा लागेल, बेल हाउसिंग आणि स्टार्टरसाठी. १८ गेजचा सीआरसीए (थंड लाटलेला पोलादी) पत्रा, कडा वाकवून. कॉलम गिअरची दांडी आणि लिंकेज निघेल, गिअरचा लिव्हर जमिनीतून येईल. बेंच सीटला तो अडतो का हे फ्लोअर कापण्याआधी सीट लावून बघा. क्लच जिप्सीत केबलवर आहे, पेडलला केबल जोडणं सोपं. पण फायरवॉलवर केबल जिथे टेकते तिथे आतून ३ मिमी प्लेट द्या, नाहीतर पत्रा पंपासारखा आत-बाहेर होतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना दात वाजतात.

सगळं टॅक वेल्डवर (ठिपक्यांच्या कच्च्या वेल्डवर) ठेवा. प्रॉप शाफ्ट, एक्झॉस्ट, स्टीअरिंग सगळं जागेवर दिसल्याशिवाय पूर्ण वेल्ड नाही.

डोंबिवली_ड्रम

इंजिनावर एवढं लिहून झालं आणि ब्रेकचा विषयच नाही! क्रम उलटा आहे. ब्रेक, मग अॅक्सल, मग इंजिन.

१०० ऐवजी १३० वरून थांबायचं असेल तर ड्रमला १.६९ पट ऊर्जा गिळावी लागते. चारही ड्रम, तेही जुने आणि अंडाकृती झालेले, दुसऱ्या-तिसऱ्या ब्रेकलाच फेड होतात, म्हणजे तापून पकड सोडतात. पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, मागे ड्रम राहू दे. कॅलिपरचं ब्रॅकेट १० मिमी प्लेटचं, बोल्ट १०.९ ग्रेडचे. ब्रॅकेट स्टब अॅक्सलला वेल्ड करायचं नाही. तो भाग फोर्ज केलेला असतो, वेल्डच्या शेजारी ठिसूळ होऊन तुटतो. मूळ बॅकप्लेटच्या भोकांत बोल्टनं बसवा. सिंगल सर्किट मास्टर सिलिंडर असेल तर टँडेम (दोन सर्किटचा) घाला. डिस्कसाठी बोअर बदलला की पेडलचा दाब वाढतो, तेव्हा बूस्टर लागेल आणि व्हॅक्यूम या इंजिनाच्या मॅनिफोल्डवर मिळतो. डिस्कच्या लाइनमधून ड्रमचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) काढून टाका. राहिला तर पॅड डिस्कला चिकटून राहतात, गाडी गरम होऊन जागेवर अडते.

अॅक्सल. पहिल्या गिअरमध्ये १०३ गुणिले ३.६५२ गुणिले ४.३, म्हणजे साधारण १६०० न्यूटन-मीटर मागच्या चाकांकडे जातात. क्लच झटकन सोडला तर त्याहून जास्त. हळू सुटून, फिरता फिरता ताकद लावली तर अॅक्सल टिकतो. ड्रॅगसारखे स्टार्ट मारायचे असतील तर हाफ शाफ्टचे स्प्लाइन पिळतात. त्याआधी मागच्या स्प्रिंगच्या पानपट्ट्याच एस आकारात वळतात, पिनियनचं नाक वर जातं आणि मागची चाकं उड्या मारतात. उपाय ट्रॅक्शन बार (अॅक्सल पिळू न देणारा दांडा). जुन्या पट्ट्यांत एक पान वाढवून तो प्रश्न सुटत नाही, गाडी फक्त कडक होते.

डिफरन्शिअल वेल्ड करून लॉक करायचा सल्ला इथे कुणीतरी देईलच. वळणावर पुढची चाकं सरळ पळतात आणि हाफ शाफ्ट लवकर जातो. नको.

स्टीअरिंग बॉक्सचा प्ले आणि आयडलर आर्मची बुश तपासा. ट्रॅकवर न्यायचीच आहे तर एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटारस्पर्धांच्या महासंघाच्या) त्या वर्षाच्या नियमावलीतला सुरक्षेचा भाग वाचा: रोल केज, पट्टे, अग्निशामक, बॅटरीचा कट-ऑफ. केज बसवायचा असेल तर फ्लोअरचं काम आणि केजचे पाय एकदमच करा, दोनदा कापाकापी नको.

सासवडकर

मध्येच विचारतो, राग मानू नका. मित्राच्या पद्मिनीत असंच काम एका गॅरेजनं केलंय. ७० ते ८० च्या दरम्यान फ्लोअरमधून घरघर येते, ९० च्या पुढे कमी होते. चाकं बॅलन्स केली, शाफ्टही बॅलन्स करून आणला. गॅरेजवाला म्हणतो, 'जुनी गाडी आहे, चालायचंच.'

लेथवाला

जुनेपणाचा काही संबंध नाही, शाफ्टचे कोन चुकलेत. पद्मिनीचा शाफ्ट दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. बॅलन्स केल्यावरही कंपन राहतं तेव्हा या क्रमानं बघा.

गाडी चाकांवर उभी पाहिजे, जॅकवर नाही. जॅकवर अॅक्सल लोंबकळतो आणि मोजमाप खोटं येतं. गिअरबॉक्सच्या आउटपुटचा, शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांचा आणि पिनियनचा कोन डिजिटल लेव्हलनं घ्या. पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या जवळजवळ सरळ रेषेत हवा, अर्धा ते एक अंश. मागच्या तुकड्याच्या दोन टोकांना सांध्यांचे कोन समान हवेत, एक ते तीन अंशांच्या आत. एकीकडे चार आणि दुसरीकडे एक असेल तर शाफ्ट एका फेऱ्यात दोनदा वेग बदलतो, ती घरघर. सेंटर बेअरिंगच्या खाली किंवा गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटखाली शिम घालून जुळवतात. मागचा कोन चुकला असेल तर पानपट्टीच्या सीटवर पाचर.

त्याआधी सोपी तपासणी: शाफ्ट कापून वेल्ड केला तेव्हा मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का? गाडीखाली झोपून टॉर्चनं दिसतं. एक स्प्लाइन जरी पुढे-मागे बसला असेल तर कोन कितीही जुळवा, घरघर जात नाही.

ती ठरावीक वेगालाच येते आणि गिअर बदलून त्याच वेगाला तशीच राहते का, हेही मित्राला विचारा. चौथ्यात आणि पाचव्यात ताशी ७५ ला सारखीच येत असेल तर शाफ्ट किंवा त्याच्या मागचं. गिअर बदलल्यावर वेग बदलून येत असेल तर इंजिनाचे माउंट.

सासवडकर

दोन्ही गिअरमध्ये सारखीच येते. रविवारी खाली झोपून योक बघतो आणि फोटो टाकतो.